‘सावकाश’मधला ‘श’ का अडला?



दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीच्या गावी गेलो होतो. गाव उसाच्या पट्ट्यातलं. दिवाळीच्या आसपास तिकडे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, ट्रक असतात, आणि अजूनही भरपूर बैलगाड्या असतात. ट्रकला मागे लाल दिवे असतात. बैलगाडीला कुठले दिवे? अंधारात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती दिसते, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आदल्या हंगामात गावाबाहेरच्या वळणावर असंच झालं होतं. कॉलेजात जाणारा एक मुलगा उभ्या बैलगाडीवर आदळला. वाचला, पण तीन महिने पाय प्लॅस्टरमध्ये. तेव्हापासून माझ्या भाचीच्या वर्गाच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. ती आठवीत आहे. सगळ्या वर्गाने मिळून घरोघरची रद्दी गोळा केली, विकली, आणि ठरवलं की गावातल्या ४० बैलगाड्यांच्या मागे एकेक पत्र्याची पाटी लावायची. पाटीवर एकच शब्द, ‘सावकाश’. तोही साध्या रंगाने लिहायचा नाही, रेडियमने!

म्हणजे गावातल्या रेडियमवाल्या काकांकडे जायचं. काकांनी मुलांचं काम म्हणून मजुरी घेणार नाही असं सांगितलं होतं, फक्त मालाचे पैसे. शनिवारी पाट्या तयार, रविवारी सकाळी गाड्यांना ठोकायच्या, सोमवारपासून ऊसतोड सुरू. सगळं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी भाची धावत घरी आली. चेहरा एवढासा झालेला.

“मामा, चल ना लवकर! काकांच्या प्लॉटरने सगळी अक्षरं फाडलीत. दोन फूट रेडियम वाया गेलंय. काका म्हणतात, मशीन कंपनीच्या माणसाला बोलवावं लागेल, तो मंगळवारी येईल.”

मी चपला घातल्या. वाटेत तिने विचारलं, “पण मामा, रेडियम म्हणजे नक्की काय रे?” चला, आधी तेच पाहू.

रेडियम नसलेलं रेडियम

खरं रेडियम हे एक मूलद्रव्य आहे. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी ते १८९८ मध्ये शोधलं. पूर्वी अंधारात चमकणारे घड्याळाचे आकडे रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवत. ते आरोग्याला फार घातक ठरलं आणि बंद झालं. पण ‘अंधारात चमकतं ते रेडियम’ हे आपल्या जिभेवर बसलं ते बसलंच. दुकानात मिळणाऱ्या ‘रेडियम’च्या कागदात रेडियमचा एक कणही नसतो, घाबरू नका.

तो असतो प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. चमकणाऱ्या साध्या प्रकारात त्याच्या आत काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरतो, वळतो, मागून परततो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने माघारी जातो. म्हणून ड्रायव्हरला अक्षर झगझगीत दिसतं.

साधा, न चमकणारा स्टिकरचा कागद म्हणजे ‘व्हिनिल’. त्याचे तीन थर असतात. वर रंगीत पापुद्रा, त्याखाली गोंद, आणि त्याखाली गुळगुळीत पाठीचा कागद. स्टिकर सोलल्यावर आपण फेकून देतो ना, तोच. साध्या व्हिनिलचा रंगीत पापुद्रा साधारण ०.०८ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे आपल्या डोक्याच्या एखाद्या केसाएवढा! चमकणारा कागद त्यापेक्षा जाड आणि चिवट असतो.

केसाएवढी खोली

आता प्लॉटरचं काम ऐका. कॉम्प्युटरवर काढलेलं अक्षर हे मशीन लहानशा पात्याने कागदावर कापतं. पण आरपार नाही कापायचं. वरचा पापुद्रा कापला गेला पाहिजे, गोंद कापला गेला पाहिजे, पण पाठीचा कागद मात्र शाबूत राहिला पाहिजे. त्यावर पात्याचा नुसता ओरखडा उमटला तर चालेल. पोळीवर सुरी फिरवायची, पण ताटाला टवका पडू द्यायचा नाही, तसं.

कापून झालं की अक्षराभोवतीचा नको असलेला भाग सोलून काढायचा. कागदावर राहतात फक्त अक्षरं. मग त्यांच्यावर रुंद चिकटपट्टी लावून ती जशीच्या तशी उचलायची आणि पत्र्यावर बसवायची.

कमी कापलं, तर सोलताना अक्षर कचऱ्याबरोबर उचकटून येतं. जास्त कापलं, तर पाठीचा कागदच तुकडे होऊन पडतो. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी. आणि ती साधायची कुठे? दोन फूट रुंदीच्या कागदावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

देवनागरीत आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं. एखादं अडलं तर तेवढंच फाटेल. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेखा. सगळी अक्षरं एकमेकांना धरून. त्यामुळे ‘श’ची गाठ एका जागी नीट कापली गेली नाही, तर ‘श’ आपल्याबरोबर ‘का’, ‘व’ आणि ‘सा’ यांनाही ओढून नेतो. अख्खा शब्द गेला! काकांच्या टेबलावर असे पाच शब्द चुरगळून पडले होते.

काकांनी काय केलं होतं?

काका घामाघूम झाले होते. म्हणाले, “या पावणं. बघा की, सकाळपासून नाचवतंय मला. १६० ग्रॅम प्रेशरवर चालू केलं. कापंना. १८० केलं, २०० केलं, आता २४० आहे. आता तर कागदच फाडायला लागलंय!”

प्लॉटरवर पात्याचा दाब ग्रॅममध्ये ठरवतात. साध्या व्हिनिलला बहुतेक मशीनवर ८० ते १२० ग्रॅम पुरतो. जाड मालाला जास्त लागतो. म्हणजे काकांनी सुरुवात ठीकच केली होती. पण कापलं जात नाही म्हटल्यावर त्यांनी तेच केलं जे आपण सगळे करतो. पेन उमटेना की जोरात दाबतो, कुलूप उघडेना की किल्ली जोरात पिरगाळतो. काकांनीही दाब वाढवत नेला.

मी भाचीला म्हटलं, “काही करायच्या आधी हे वाया गेलेले तुकडे नीट बघ. आणि मला सांग, बिघडलंय ते कुठे?”

“सगळीकडेच बिघडलंय की मामा.”

“नीट बघ. घाई नको.”

तिने पाचही शब्द टेबलावर ओळीने मांडले. सुरकुत्या सरळ केल्या. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मामा, ‘सा’ सगळ्यांत नीट कापलाय. ‘व’ पण. ‘का’ बराच बरा आहे. ‘श’ एकातही कापलेला नाही. आणि ज्यात प्रेशर वाढवलंय त्यात ‘सा’च्या खालचा कागद फाटलाय, पण ‘श’ तसाच!”

शाब्बास! मित्रांनो, इथे निम्मं काम झालं. मशीनने आपली तक्रार लिहून ठेवलेली होती. ती वाचायला मात्र कुणी थांबलं नव्हतं.

पाच चौकोनांची परीक्षा

“काका,” भाचीने विचारलं, “‘सा’ कापायला एक पातं आणि ‘श’ कापायला दुसरं, असं असतं का?”

“न्हाई गं पोरी. पातं एकच.”

“मग पातं बोथट असेल तर ‘सा’पण कापायला नको ना!”

काका तिच्याकडे बघतच राहिले. दाबाचंही तसंच होतं. दाब कमी असता, तर तो सगळीकडे कमी असता. गुन्हेगार असा हवा, जो फक्त उजव्या टोकालाच राहतो.

आम्ही दाब पुन्हा १६० ग्रॅमवर आणला आणि उरलेल्या तुकड्यावर डावीकडून उजवीकडे, सारख्या अंतरावर, एकेक इंचाचे पाच चौकोन कापले. पाचही चौकोनांना एकच पातं, एकच दाब, एकच वेग. चिमट्याने एकेक सोलून पाहिला. पहिले तीन कुरकुर न करता निघाले. चौथा ओढून काढावा लागला. पाचव्याची तर कडाच सापडेना.

आता दोन संशयित उरले. एक, रेडियमचा कागदच उजव्या बाजूला जाड किंवा दमट असेल. दोन, मशीनच त्या बाजूला बिघडलं असेल. कसं ओळखाल? पुढचं वाचायच्या आधी क्षणभर विचार करा बरं!

भाचीने तुकडा मशीनमधून काढला, फिरवला आणि उलट्या तोंडाने आत घातला. म्हणजे कागदाची डावी कड आता मशीनच्या उजव्या बाजूला आली. पुन्हा पाच चौकोन. दोष कागदात असता, तर तो कागदाबरोबर डावीकडे गेला असता. पण पुन्हा उजवीकडचेच दोन चौकोन अडले. कागद निर्दोष सुटला. दोष मशीनच्या उजव्या बाजूला राहत होता.

लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही कागद फिरवला तेव्हा दाबाला हात लावला नाही. दोन्ही एकदम बदललं असतं, तर कशामुळे काय झालं ते कळलंच नसतं.

गुन्हेगार सापडला

“काका, मशीन बंद करा आणि पिन काढून ठेवा,” मी म्हटलं. पाती असलेल्या कुठल्याही मशीनमध्ये हात घालायच्या आधी हे करायचंच.

प्लॉटरमध्ये पातं ज्या रेषेवरून डावी-उजवीकडे धावतं, त्याच्या बरोबर खाली एक अरुंद, गुळगुळीत पट्टी चिकटवलेली असते. कापताना कागदाला खालून आधार देणारी ही पट्टी. भाजी चिरताना खाली पाट असतो ना, तसा हा पात्याचा पाट. भाचीने त्या पट्टीवरून डावीकडून उजवीकडे नख फिरवलं. नख सुळकन सरकत गेलं, सरकत गेलं आणि उजवीकडच्या पाच-सहा इंचांत खट्, खट्, खट् अडायला लागलं. टॉर्चच्या उजेडात पाहिलं. पट्टीवर बारीक चरे आणि मधोमध चक्क एक खाच!

पण फक्त उजवीकडेच का? काकांनीच कपाळावर हात मारला. “रोजचं काम नंबरप्लेटचं. लहान तुकडा असतो. पातं उजवीकडनं सुरू होतं, म्हणून तुकडाबी नेहमी उजवीकडंच लावतो. आणि घाईत पातं जरा जास्त बाहेर काढून ठेवतो.”

म्हणजे पातं रोज थोडं थोडं कागदाच्याही पलीकडे जात होतं आणि त्याच पाच-सहा इंचांत पट्टी कोरत होतं. लहान तुकड्यांवर काकांनी ते दाब वाढवून निभावून नेलं. आज पहिल्यांदा दोन फूट रुंद, महागाचा आणि चिवट माल लागला, आणि उघडं पडलं.

खाच असली की कापणं कमी का होतं? कागदाला खालून आधारच नाही! पातं दाबतं तेव्हा कापला जाण्याऐवजी कागद खाचेत वाकतो. दाब वाढवला की तो आणखी वाकतो. आणि डाव्या बाजूला, जिथे आधार पक्का आहे, तिथे तोच वाढवलेला दाब पाठीचा कागद फाडून पट्टीला नव्या खाचा पाडायला लागतो. म्हणजे काका उपाय म्हणून जे करत होते, त्याने आजार उजवीकडून डावीकडे पसरत होता!

करून पाहा

हे तुम्हाला शाळेतल्या बाकावर करून पाहता येईल. बाकावर कुणीतरी कर्कटकाने आपलं नाव कोरलेलं असतंच. (तुम्ही नाही कोरलेलं, माहीत आहे मला!) त्यावर एक कोरा कागद ठेवा, वर कार्बन पेपर, त्यावर आणखी एक कागद. आता बॉलपेनने एकसारख्या जोराने लांब रेघ ओढा, अशी की ती कोरलेल्या जागेवरून जाईल. खालचा कागद पाहा. बाक जिथे गुळगुळीत आहे तिथे रेघ ठळक, आणि कोरलेल्या जागी फिकट किंवा तुटलेली. पेन तेच, हात तोच. फरक आहे खालच्या आधाराचा. रुंद आणि खोल कोरलेली जागा निवडलीत तर फरक चटकन दिसेल.

पण पाट्यांचं काय?

नवी पट्टी तालुक्याच्या गावी मिळणार, आणि तीही सोमवारी. जुन्या पट्टीवर सेलोटेप चिकटवून भागेल का, असं काकांनी विचारलं. पण चिकटपट्टीची स्वतःची जाडी असते, आणि इथे सगळा खेळ केसाएवढ्या जाडीचा! तिथे उंचवटा झाला असता आणि पातं उलट जास्त खोल गेलं असतं.

पुन्हा भाचीचंच डोकं चाललं. “काका, उजवीकडचे सहा इंच वापरलेच नाहीत तर? शब्द आडवा कशाला कापायचा? कॉम्प्युटरवर फिरवून उभा करू या.”

किती सोपं! शब्द होता दीड फूट लांब आणि पाच इंच उंच. लांबीच्या दिशेने कागद मागेपुढे सरकतो, पात्याला फक्त पाच इंच रुंदी लागते. डाव्या सोळा इंचांत असे तीन शब्द शेजारी शेजारी बसले. उजवीकडचा भाग कोरा राहिला, तो नंतर दुसऱ्या कामाला येईल.

मशीन चालू केलं. तीन शब्द कापले. सोलायला घेतले तर काय? आता तिन्ही शब्द सगळीकडेच अर्धवट कापलेले!

काका खाली बसले. भाचीचा चेहरा पुन्हा पडला. पण यावेळी तिने स्वतःच स्वतःला विचारलं, “बिघडलंय कुठे? सगळीकडे सारखंच. मग जे सगळीकडे सारखं असतं, तेच बिघडलं असणार. पातं!”

काकांकडे घड्याळजीचं भिंग होतं. पातं होल्डरमधून काढून भिंगाखाली धरलं. टोकाचा बारीक कण उडालेला! २४० ग्रॅमच्या दाबाखाली ते फाटलेल्या कागदात अडकलं असेल तेव्हा गेलं असावं. ही पाती फार कठीण धातूची असतात, पण जितकी कठीण तितकीच ठिसूळ. आणि टोक गेलं की काय होतं ते तुम्हाला विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत आहे. तेवढंच बल मोठ्या क्षेत्रफळावर पसरतं आणि दाब कमी पडतो. टाचणी टोकाने टोचते, डोक्याने टोचत नाही.

पाहिलंत? एका बिघाडावर चुकीचा उपाय केला की त्याला दुसरा बिघाड होतो. मग दोन्ही एकमेकांत गुंततात आणि माणूस म्हणतो, “मशीनच खराब!”

काकांकडे एक नवं पातं होतं. ते बसवायच्या आधी होल्डर झटकून साफ केला. आत व्हिनिलचे बारीक धागे साठलेले होते. ते राहिले असते, तर पातं नीट वळलं नसतं. कारण हे पातं होल्डरमध्ये घट्ट बसवलेलं नसतं. चाकाच्या खुर्चीची लहान चाकं जशी आपण ढकलू तिकडे वळतात, तसं ते रेषेच्या दिशेने स्वतःच वळतं. मग पातं किती बाहेर काढायचं ते ठरवलं. रंगीत पापुद्रा, गोंद आणि पाठीच्या कागदाची निम्मी जाडी, एवढंच. शेवटी दाब मुद्दाम कमी ठेवला, १२० ग्रॅम. एक चौकोन कापून पाहिला. कमी पडलं. १३०. थोडं कमी. १४०. चौकोन अलगद निघाला आणि पाठीच्या कागदावर फक्त पुसटसा ओरखडा.

नवं पातं, चांगली पट्टी, आणि दाब लागला सकाळच्या १६० पेक्षाही कमी!

तुमच्या गावात प्लॉटर असेल तर

भाचीने नंतर वहीत एक तक्ता केला. काकांनी तो दुकानाच्या भिंतीवर लावलाय. तुमच्या ओळखीत कुणाचं रेडियमचं किंवा स्टिकरचं दुकान असेल, तर त्यांना जरूर दाखवा.

१. रुंदीत नेमक्या एकाच जागी कमी कापतं : पात्याखालची पट्टी पाहा. खाच किंवा चरे असतील तर पट्टी बदला.

२. नेमक्या एकाच जागी जास्त खोल कापतं : तीच पट्टी पाहा. तिथे गोंद किंवा स्टिकरचा तुकडा चिकटून उंचवटा झाला असेल.

३. सगळीकडे सारखंच कमी कापतं : पात्याचं टोक भिंगाखाली पाहा. मग पातं किती बाहेर आहे ते पाहा. दाब सर्वांत शेवटी.

४. सुरुवातीला छान, पुढे पुढे कमी : होल्डरचा स्क्रू सैल होऊन तो वर सरकतोय का, आत धागे साठतायत का, ते पाहा.

५. कधी इथे, कधी तिथे, नेम नाही : कागद दमट होऊन किंवा गुंडाळी सैल राहून फुगलाय का ते पाहा. होल्डर हलतोय का तेही पाहा.

६. सरळ रेषा चांगल्या, पण कोपरे आणि रेषेची टोकं जुळत नाहीत : हा खोलीचा दोष नाहीच. पातं मोकळं वळतंय का आणि मशीनमध्ये पात्याचं माप बरोबर भरलंय का, ते पाहा.

७. मोठी अक्षरं ठीक, बारीक अक्षरं उचकटतात : वेग कमी करा.

आणि सगळ्यांत वर तिने लाल पेनाने लिहिलंय : ‘आधी कुठे ते बघा, मग प्रेशरला हात लावा.’

पाती फार धारदार असतात. म्हणून बाळांनो, हे सगळं मोठ्यांच्या सोबतीनेच, आणि मशीन बंद करूनच.

पायजम्याचं इलॅस्टिक

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरच्या मदतीने स्टिकरची अक्षरं कापणारी मशीनं १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या गर्बर कंपनीमुळे पाटीवाल्यांच्या दुकानात पोचली. ही कंपनी जोसेफ गर्बर यांची. त्यांचा जन्म १९२४ मध्ये व्हिएन्नाचा. नाझींच्या छळातून सुटून ते १९४० मध्ये अमेरिकेला आले. इंजिनिअरिंग शिकताना आलेखांवरून मापं काढायचं किचकट काम त्यांना करावं लागे. एकदा त्यांनी काय केलं, पायजम्याचं इलॅस्टिक काढलं आणि त्यावर सारख्या अंतराच्या खुणा केल्या. हवं तेवढं ताणायचं आणि हवी ती पट्टी तयार! पुढे त्याचंच एक उपकरण झालं आणि त्यातून त्यांचा व्यवसाय उभा राहिला. १९९४ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. तेव्हा घरात कुणी पायजम्याचं इलॅस्टिक पळवलं, तर लगेच रागावू नका. आधी विचारा, कशाला हवंय?

आणि पाट्या?

रात्री नऊपर्यंत प्लॉटरची किरकिर चालू होती. एका फेरीत तीन शब्द. तेरा फेऱ्यांत किती झाले? ३९! चाळिसाव्या शब्दासाठी चौदावी फेरी. त्या फेरीत काकांनी दोन जास्तीचे शब्द कापले आणि स्वतःच्या टेम्पोसाठी ठेवले. सोलायला आठ मुलं बसली होती. शिरोरेखेपासून सुरुवात केली की अक्षरं नीट राहतात, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं.

रविवारी पाट्या ठोकल्या. सोमवारी पहाटे, अजून अंधार असताना, आम्ही त्या वळणावर जाऊन उभे राहिलो. दुरून घुंगरांचा आवाज आला. पहिली गाडी समोरून पुढे गेली. पाठमोरी झाल्यावर भाचीने टॉर्च डोळ्यांजवळ धरून तिच्यावर मारला. (चमकणारं रेडियम प्रकाश माघारी पाठवतं ना, म्हणून टॉर्च डोळ्यांजवळच हवा. हात लांब बाजूला करून धरलात तर तितकं चमकत नाही. करून बघा!)

अंधारात लाल अक्षरं पेटल्यासारखी झाली. सा, व, का आणि श. गाठीसकट, शेपटीसकट अख्खा श!

गाडीवान मागे वळून म्हणाला, “काय गं पोरींनो, एवढ्या पहाटे?”

“काही नाही काका,” भाची म्हणाली, “शुद्धलेखन तपासतोय!”

तर दोस्तांनो, तुमच्या घरातलं, दुकानातलं किंवा शेतातलं एखादं यंत्र रुसलं असेल, तर आधी ते कुठे रुसलंय ते नीट बघा, आणि काय सापडलं ते मला पत्राने कळवा. पुढच्या आठवड्यात पाहू या, आईच्या शिलाई मशीनचा टाका वरून छान दिसतो, पण खालून सैल का पडतो? तोवर तुम्हीही आईला विचारून ठेवा.

तुमचाच,
यंत्रमामा